वैशाखातील घर

चैत्र सरत आला की यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्याचे खरे राज्य सुरू होते. कापूस केव्हाच वेचून झालेला असतो. पऱ्हाट्या उपटून शेते मोकळी पडलेली असतात आणि काळ्या जमिनीला खोल भेगा गेलेल्या असतात. टेकड्यांवरील साग पानगळीने उघडे पडतात, आणि पैनगंगेच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच अधिक दिसू लागते. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४४५ मीटर उंचीवर वसले आहे. तरीही वैशाखात तेथील पारा अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या वर चढतो. वणी, पांढरकवडा, राळेगाव ह्या भागांतही तीच स्थिती असते. सकाळी दहा वाजताच रस्ते ओस पडतात आणि माणसे घराचा आश्रय घेतात.

परंतु घरात तरी गारवा कोठून असणार? दिवसभर तापलेले छत रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहते. मग पंखे अखंड फिरू लागतात, खिडकीतील कूलर घरघरू लागतो आणि महिनाअखेरीस विजेचे बिल हाती पडते. हिवाळ्यात जे बिल घरातील कर्त्या माणसाने न पाहताच भरलेले असते, तेच आता दोनदा उलटसुलट करून पाहिले जाते. ज्या घरात मिळकत मोजकी, त्या घरात ह्या कागदाचा परिणाम दूरवर पोचतो. कोणाच्या वह्या लांबणीवर पडतात, तर कोणाचे औषध.

हा खर्च कमी कसा करावा, ह्या प्रश्नाचे सोपे उत्तर ‘वीज कमी वापरावी’ असे दिले जाते. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. उष्णता एकदा घरात शिरली म्हणजे तिला बाहेर काढण्यासाठी पैसे मोजावे लागतात. तिला दारातच अडविले, तर फारसे काही मोजावे लागत नाही. उन्हाळ्यातील काटकसरीचे सारे शास्त्र ह्या एका गोष्टीत सामावलेले आहे.

प्रथम विजेचे मोजमाप समजून घेतले पाहिजे. १००० वॅट शक्तीचे उपकरण एक तास चालले की एक युनिट वीज खर्च होते. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. तो तेरा तास फिरला की एक युनिट होते. २०० वॅटचा कूलर पाच तासांत एक युनिट घेतो. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र पूर्ण जोराने चालत असेल, तर अवघ्या चाळीस मिनिटांत एक युनिट संपविते. म्हणजे ज्या विजेवर पंखा सकाळपासून रात्रीपर्यंत फिरतो, ती वीज हे यंत्र एका तासाच्या आत वापरून टाकते.

महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढत जातो. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी असतो. १०१ ते ३०० युनिटांचा दर त्याहून बराच अधिक असतो आणि ३०० च्या पुढे तो आणखी वाढतो. थंडीच्या दिवसांत १०० युनिटांच्या आत राहणारे कुटुंब वैशाखात सहज दुसऱ्या टप्प्यात जाते. म्हणूनच वापर दुप्पट झाला, तर बिल दुपटीहूनही अधिक होते. ह्याच गोष्टीला दुसरी बाजू आहे. वाचविलेले प्रत्येक युनिट हे वरच्या, म्हणजे सर्वांत महाग टप्प्यातील असते. थोडी बचतही बिलावर उठून दिसते ती ह्यामुळेच.

ही वीज येते कोठून, हे यवतमाळ जिल्ह्यातील मुलांनी तर अवश्य जाणावे. कारण तिचा उगम त्यांच्या पायाखालीच आहे. वणीच्या परिसरात कोळशाच्या खाणी आहेत. तेथील कोळसा वर्धा नदीपलीकडील चंद्रपूरच्या प्रचंड औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी जळतो, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्रे फिरतात आणि निर्माण झालेली वीज तारांवाटे पुन्हा गावोगावी येते. अशा केंद्रात एक युनिट वीज निर्माण करण्यास सुमारे पाऊण किलो कोळसा लागतो. दिवे आणि पंखे निष्कारण चालू राहिले, की कोठेतरी कोळशाची ओंजळ व्यर्थ जळत असते. तिचा धूर आणि राख मात्र जवळच्याच गावांवर पसरते.

आता घरात उष्णता शिरते कशी, ते पाहू जाता तीन वाटा दिसतात. छप्पर ही पहिली आणि सर्वांत मोठी वाट. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्याचे बहुतेक ऊन छपरावरच पडते. पश्चिमेची भिंत व खिडक्या ही दुसरी वाट. कारण हवा सर्वाधिक तापलेली असते त्याच वेळी मावळतीचे ऊन त्यांवर तिरपे येऊन आदळते. उघड्या दारा-खिडक्यांतून आत येणारी झळ ही तिसरी वाट. ह्या तिन्ही वाटा जुन्या लोकांना चांगल्या ठाऊक होत्या.

वऱ्हाडातील जुनी घरे पाहिली म्हणजे ह्याची खात्री पटते. त्यांच्या मातीच्या भिंती हात-दीड हात रुंद असत. अशी भिंत तापण्यास सारा दिवस जाई, आणि तिची ऊब आत पोचेपर्यंत रात्रीचा वारा सुटलेला असे. छपरावर कवेलू असत. त्यांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाई. पुढे ओसरी असल्यामुळे घराच्या भिंतीवर थेट ऊन पडत नसे. अंगणात तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा मांडव घातलेला असे आणि त्याच्या सावलीत पाण्याचा रांजण ठेवलेला असे. डोंगराळ भागातील कोलामांच्या पोडांवर बांबू विणून त्यावर मातीचा लेप दिलेल्या भिंती असत. हाताशी असेल त्या वस्तूने उन्हाशी सामना देण्याचे ते कौशल्य होते.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात ह्याचे एक थोर उदाहरण उभे आहे. महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी शेगाव ह्या खेड्यात राहावयास आले. तेच खेडे पुढे सेवाग्राम म्हणून प्रसिद्ध झाले. विदर्भातील ऐन उन्हाळ्याचे ते दिवस होते. तेथील बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलू अशा साध्या साहित्याची आहे. आजही यात्रेकरू रणरणत्या उन्हातून तिच्या ओसरीवर पाऊल टाकतो, तेव्हा त्याला क्षणात गारवा जाणवतो. ज्याच्या शब्दाला देशभर मान होता, तो पुरुष अशा घरात राहिला; कारण गरजेपुरतेच घ्यावे, हे त्याचे व्रत होते.

आज मात्र मातीची घरे विरळ झाली आहेत. त्यांना दर वर्षी लिंपण व डागडुजी लागते, पावसात ती गळतात, त्यांना वाळवी लागते. म्हणून लोकांनी पक्की घरे बांधली, ह्यात त्यांचा दोष नाही. सिमेंटचे छत मजबूत असते. पण ते दिवसभर ऊन शोषते आणि रात्रभर परत देते. टिनाचे छप्पर स्वस्त असते. पण दुपारी त्याखाली बसणे भट्टीजवळ बसण्यासारखे होते. तेव्हा जुने घर परत आणणे शक्य नसले, तरी जुन्या घराचे शहाणपण नव्या घरात आणणे शक्य आहे.

त्याचा आरंभ छपरापासून करावा. काळा किंवा करडा पृष्ठभाग ऊन शोषतो, पांढरा पृष्ठभाग ते परतवितो. उन्हात काळे कापड आणि पांढरे कापड शेजारी-शेजारी ठेवून थोड्या वेळाने हात लावून पाहिल्यास हे कोणालाही समजते. साधे सिमेंटचे छत आपल्यावर पडलेल्या उन्हाचा मोठा भाग पोटात घेते. त्यावर चुन्याचा दाट पांढरा हात दिला, तर तेच छत अर्ध्याहून पुष्कळ अधिक ऊन आकाशाकडे परत पाठविते. छत कमी तापले की खोली कमी तापते, आणि खोली कमी तापली की पंखा व कूलर ह्यांवरचा भारही हलका होतो. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद शहरात उष्णतेच्या लाटेने हाहाकार उडविला. त्यानंतर त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याची योजना आखली, आणि पुढे गरीब वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले. यवतमाळला लागून असलेल्या तेलंगण राज्याने तर २०२३ मध्ये शीतल छपरांचे स्वतंत्र धोरणच जाहीर केले.

हे काम अवघड नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास छत झाडून स्वच्छ करावे. मोठ्या माणसांनी विरविलेला चुना गाळून घ्यावा, तो धरून राहावा म्हणून त्यात थोडा डिंक मिसळावा आणि पहिला हात वाळल्यावर दुसरा हात द्यावा. कळीचा चुना पाण्यात पडला की उकळतो आणि डोळ्यांत उडाल्यास गंभीर इजा करतो; म्हणून तो विरविण्याच्या वेळी मुलांनी जवळ जाऊ नये. पावसाळ्यात हा रंग धुऊन जातो, तेव्हा दर वर्षी तो नव्याने द्यावा लागतो. मात्र त्याचा खर्च इतका थोडा असतो, की एका खोलीच्या कुटुंबालाही तो झेपतो. टिनाखाली राहणाऱ्या माणसाला तर त्याचा लाभ सर्वाधिक. कोळशासाठी प्रसिद्ध असलेल्या वणी तालुक्यातच चुनखडीही सापडते आणि तेथील राजूर हे गाव चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखले जाते. एकाच भूमीने कोळसाही दिला आणि चुनाही दिला. छपरावर चुना चढला, तर तितका कोळसा जमिनीतच राहू शकतो.

छपरानंतर खिडक्यांचा विचार करावा. आतल्या पडद्यापेक्षा बाहेरील आडोसा अधिक गुणकारी असतो. कारण पडद्यापर्यंत आलेले ऊन घरात शिरलेलेच असते. म्हणून पश्चिमेच्या खिडकीबाहेर तट्टा, चटई किंवा जाड कापड बांधावे. जागा असेल तर त्या बाजूस कडुनिंबाचे झाड लावावे. झाडाची सावली मिळण्यास काही वर्षे वाट पाहावी लागते. परंतु ती एकदा मिळू लागली की तिचे बिल कधीच येत नाही. सकाळी आठ-नऊच्या सुमारास बाहेरची हवा तापू लागली की दारे-खिडक्या लोटून घ्याव्यात, आणि सूर्यास्तानंतर वारा सुटला की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडाव्यात. रात्रीचा गार वारा भिंतींना थंड करतो आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत ती थंडाई पुरते.

एवढे केल्यावर यंत्रांकडे वळावे. पंखा हवा थंड करीत नाही; तो केवळ हवा हलवितो, त्यामुळे अंगावरचा घाम वाळतो आणि माणसाला गार वाटते. रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणूनच निव्वळ अपव्यय होय. अलीकडे सुमारे ३० वॅटवर चालणारे पंखे मिळू लागले आहेत. तीन पंखे रोज चौदा तास चालणाऱ्या घरात जुन्या पंख्यांना दिवसाला सव्वातीन युनिटांच्या आसपास वीज लागते; नव्यांना सव्वा युनिट पुरते. महिन्याला ही बचत ५५ युनिटांच्या पुढे जाते. सर्व पंखे एकदम बदलणे परवडत नसेल, तर सर्वाधिक चालणारा पंखा आधी बदलावा.

कूलर हा विदर्भाचा उन्हाळ्यातील खरा सोबती आहे. पूर्वी वऱ्हाडातील कचेऱ्यांच्या व बंगल्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावून त्यांवर पाणी शिंपडीत असत. कूलर हे त्याच युक्तीचे यांत्रिक रूप आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते. एक ग्रॅम पाणी हवेत उडून जाताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी गार होते तेही ह्याच नियमाने. मात्र हवा कोरडी असेल तरच पाणी झपाट्याने उडते. त्यामुळे यवतमाळच्या कोरड्या वैशाखात कूलर उत्तम चालतो, मुंबईच्या दमट हवेत तो निरुपयोगी ठरतो आणि मृगाच्या सरी आल्या की यवतमाळातही त्याची उपयुक्तता संपते. कूलर बंद खोलीच्या आत ठेवल्यास तो ओलसर हवाच पुन्हा पुन्हा फिरवितो. तो खिडकीत बसवावा, आणि समोरची एक खिडकी थोडी उघडी ठेवावी, म्हणजे ओलसर हवा बाहेर पडेल.

कूलर वीज कमी घेतो, पण पाणी पुष्कळ पितो. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराने तीव्र पाणीटंचाई सोसली. शहराला पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे प्रकल्प तेव्हा आटले होते. ती आठवण विसरता येण्यासारखी नाही. घराचे छत पांढरे आणि खिडक्या सावलीत असतील, तर कूलर थोडे तास चालवूनही भागते. त्यामुळे विजेबरोबर पाण्याचीही बचत होते. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी झाडांना घातले, तर तीच झाडे पुढे सावली देतात.

कूलरसंबंधी दोन सावधगिरीच्या गोष्टी प्रत्येक मुलाने पाठ करून ठेवाव्यात. ओल्या हाताने चालू कूलरच्या लोखंडी पेटीला स्पर्श करून विजेचा धक्का बसल्याचे अपघात दर उन्हाळ्यात घडतात आणि त्यांत माणसे दगावतात. पाणी भरण्यापूर्वी बटण बंद करून पिन बाहेर काढावी, आणि कूलरला जमिनीशी जोडणारी तार नीट आहे की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. दुसरे असे की, डेंग्यू पसरविणारा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासून वाळवावी.

ज्या घरात वातानुकूलन यंत्र आहे, तेथे ते २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा हळू चालवावा. तापमान एका अंशाने वर ठेवले की विजेत सुमारे ६ टक्के बचत होते. नवे उपकरण घेताना त्यावरील तारांकित चिठ्ठी वाचावी. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ह्या केंद्र सरकारच्या संस्थेने ही पद्धत सुरू केली असून, तारे जितके अधिक तितकी विजेची गरज कमी. फ्रिज भिंतीला चिकटवू नये आणि चुलीजवळ ठेवू नये. जुने पिवळे दिवे उजेडापेक्षा उष्णताच अधिक देतात. त्यांच्या जागी एलईडी दिवे लावावेत. डाळी-कडधान्ये भिजवून ठेवावीत आणि स्वयंपाक पहाटेच उरकावा, म्हणजे इंधन वाचते व दुपारी घर तापत नाही. ज्यांचे छत स्वतःचे आहे आणि ज्यांची ऐपत आहे, त्यांनी त्यावर सौरऊर्जेच्या पाट्या बसवाव्यात. त्यासाठी केंद्र सरकारने २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू केली. जो सूर्य घर तापवितो, तोच अशा रीतीने पंखाही फिरवू शकतो.

काटकसर आणि कंजूषपणा ह्यांत मोठे अंतर आहे. बिलाच्या धाकाने भर दुपारी पंखा बंद करून घामाघूम बसलेली वृद्ध माणसे अनेक घरांत आढळतात. मुलांवर भार पडू नये, म्हणून त्या मुकाट्याने सोसतात. पण उष्माघात हा प्राणघातक असतो, आणि वृद्ध, आजारी व तान्ही मुले त्याला सर्वांत आधी बळी पडतात. खोलीतील हवा ४० अंशांहून तापली, तर नुसता पंखाही पुरत नाही; तेव्हा ओले कापड अंगावर घ्यावे, वरचेवर पाणी प्यावे आणि कूलर असेल तर तो बेलाशक चालवावा. बचत करावयाची ती रिकाम्या खोलीतील पंख्याची, उघड्या छपराची, आडोसा नसलेल्या खिडकीची. माणसाच्या आरोग्यातून कापलेल्या पैशाला बचत म्हणता येत नाही.

वैशाखाचे ऊन कोणाला चुकलेले नाही, आणि ते कमी करणे कोणाच्या हाती नाही. पण त्याला घरात किती येऊ द्यावे, हे मात्र घरातील माणसांच्या हाती आहे. ज्या घराने पाडव्याला छपरावर चुना दिला, पश्चिमेला तट्टा बांधला आणि रात्रीच्या वाऱ्यासाठी खिडक्या उघडल्या, त्या घरातील आजीला दुपारी कूलर लावताना बिलाची भीती वाटत नाही. काटकसरीचे खरे फळ हेच होय.

स्वाध्याय

१. उष्णता घरात कोणत्या तीन वाटांनी शिरते? प्रत्येक वाट अडविण्याचा एक उपाय सांगा.
२. वापर दुप्पट झाल्यास विजेचे बिल दुपटीहून अधिक का होते?
३. कारणे द्या : (अ) कूलर यवतमाळला चांगला चालतो, पण मुंबईस चालत नाही. (आ) आतल्या पडद्यापेक्षा बाहेरील आडोसा अधिक उपयोगी असतो.
४. ‘एकाच भूमीने कोळसाही दिला आणि चुनाही दिला,’ ह्या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.
५. काटकसर आणि कंजूषपणा ह्यांतील फरक तुमच्या अनुभवातील एक-एक उदाहरण देऊन लिहा.
६. तुमच्या घरातील पंखे व दिवे रोज किती तास चालतात, ह्याची नोंद आठ दिवस करा आणि त्यावरून महिन्याला किती युनिट वीज लागते, ते काढा.